मिरजेचं पाणी

नळाचे आभार कुणी मानत नाही, आणि मला विचाराल तर मानूही नयेत. तोटी फिरवली की पाणी येतं. कुणाची सवड बघावी लागत नाही, कुणाच्या दारात कळशी घेऊन उभं राहावं लागत नाही, तोंड गोड करून बोलावं लागत नाही. नळामुळे विहिरीवरची खेप वाचते हे खरंच, पण त्याहून मोठी सोय ही की रोज सकाळी कुणाचं तरी मिंधं व्हायचं टळतं. आम्हा लातूरकरांना हे कळलं २०१६ साली, नळ बंद पडल्यावर.

लातूरचं पाणी येतं मांजरा धरणातून, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या धनेगावाहून. लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले आणि धरणात गाळ तेवढा उरला. उसाचं काय, असं बाहेरचे लोक लगेच विचारतात. विचारायलाच हवं. पण आमच्या नात्यात निम्मे ऊसवाले, त्यामुळे हा विषय घरात निघाला की जेवणं अर्धवट राहतात. तो इथेच सोडतो.

नळ गेला आणि घराचा कारभार आपोआप आईकडे गेला. तोवर ती स्वयंपाकघर बघायची, आता पाण्याचं खातं तिचं. अंगणात दोन टिपाडं, मोरीत एक, आणि पिण्याच्या घागरीवर झाकण, झाकणावर पालथा तांब्या. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, तेच पुढे भांड्यांच्या पहिल्या हाताला, मग फरशीला, आणि तिथून संडासात. अंघोळ परातीत बसून, म्हणजे खाली साचलेलं पाणी परत बादलीत. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिला यात भलतीच मजा वाटायची. अण्णांना मात्र परातीत बसणं कमीपणाचं वाटे. ते ओल्या पंच्यानं अंग पुसून घेत आणि अंघोळ झाली असं जाहीर करत.

एक जुना संस्कार त्या उन्हाळ्यात कायमचा गेला. आमच्याकडे रात्रीचं पाणी सकाळी शिळं समजून ओतून द्यायचे आणि घागर घासून ताजं भरायचे. आजीच्या हयातीत यात कधी खंड पडला नव्हता. १९७२चा दुष्काळ तिनं खडी फोडून काढला होता, सुकडी खाल्ली होती, तरी पाणी शिळं व्हायचंच. कारण तेव्हा धान्य नव्हतं, पण विहिरी बऱ्यापैकी हाताला लागत होत्या. आता किराणा दुकानं गच्च भरलेली आणि बोअर शेकडो फूट खाली जाऊनही नुसता फुफाटा ओकणारे. आईनं चार दिवसांचं पाणी गाळून, उकळून प्यायला दिलं आणि शिळ्याचं नावही काढलं नाही.

पाणी आता माणसांच्या हातून येऊ लागलं, आणि तिथून आभार मानायला सुरुवात झाली. आधी टँकरवाला. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की कुणीतरी ओरडायचं, "टँकर येलालंय!" आणि पायात चप्पल नसलेली माणसं पाइपाकडे धावायची. ड्रायव्हर विशीतला पोरगा. त्याला चहा, त्याला पोहे, त्याच्या आईची चौकशी. एरवी ज्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नसतं त्याला अख्खी गल्ली 'दादा' म्हणू लागली. त्याला ते कळत असणार, कारण चहा घेताना तो हसायचा आणि पाइप मात्र सगळ्यांच्या टिपाडात सारखाच वेळ धरायचा. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्ये प्रशासनानं १४४ कलम लावलं होतं. आमच्या गल्लीत ती वेळ आली नाही, त्याचं श्रेय मी त्या पोराच्या घड्याळाला देतो.

दुसरे उपकार मागच्या घरचे. त्यांच्या बोअरला अजून पाणी होतं. रात्री ते भिंतीवरून पाइप टाकत आणि आमची एक घागर भरून देत. यात ना त्यांचा मोठेपणा होता ना आमची लाचारी, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. घागर घेताना आईच्या आवाजात एक जादा मऊपणा यायचा, तो मला सहन होत नसे. त्यांच्या कुत्र्यानं आमच्या दारात घाण केली तरी आम्ही त्या महिन्यांत अवाक्षर काढलं नाही.

रांगेत एकदा अण्णांच्या शाळेतले जुने सहकारी भेटले, वस्तीवरचे गुरुजी. अण्णा कुरकुरत होते की या वयात पाण्यासाठी लोकांच्या तोंडाकडे बघायची पाळी आली. गुरुजी हसून म्हणाले, "अण्णा, तुमची पहिलीच वेळ आहे. आमच्या आजोबांचा जन्म गेला त्यात. विहिरीपाशी बसायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं, आपण ओंजळ धरायची." अण्णा गप्प झाले. १९२७च्या मार्चमध्ये बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या पाण्यात उतरले आणि त्यांनी आपल्या ओंजळीनं ते पाणी प्यायलं, हे आम्ही शाळेत शिकवतो. पण हक्काचं पाणी आणि उपकाराचं पाणी यांतला फरक टिपाड घेऊन उभं राहिल्यावर जसा कळतो, तसा धड्यातून कळत नाही.

मग एप्रिलमध्ये रेल्वे आली. तेल वाहणाऱ्या वॅगन्स राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन काढल्या, मिरजेत त्यांत कृष्णेचं पाणी भरलं आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटर ओढत इथवर आणलं. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी पोहोचली: १० वॅगन्स, ५ लाख लिटर. पुढे ५० वॅगन्सची गाडी येऊ लागली. नाव पडलं जलदूत. आल्या आल्या कार्यकर्त्यांनी वॅगन्सवर पोस्टरं चिकटवली, म्हणजे आभार कुणाचे मानायचे याची लोकांना अडचण पडायला नको.

अण्णांची अडचण वेगळी होती. टँकरवाल्याला चहा देता येतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला माफ करता येतं. मिरजेच्या लोकांचं काय करायचं? आपल्या नदीचं पाणी रोज गाडीभर जातंय ते त्यांनी बघायचं, आणि आपण इथे तोंड न दाखवता प्यायचं, हे त्यांच्या हिशेबात बसेना. शेवटी त्यांनी एक पोस्टकार्ड लिहिलं. पत्ता असा: 'स्टेशन मास्तर, मिरज जंक्शन, यांसी, कृष्णाकाठच्या सर्व मंडळींना वाचून दाखवावे.' मजकूर दोन ओळींचा, पाणी गोड आहे एवढाच. आईनं विचारलं, एवढ्या मोठ्या गावाला कोण वाचून दाखवणार? अण्णा म्हणाले, तो त्यांचा प्रश्न.

मे महिन्यात पेपरात आलं की रेल्वेनं या वाहतुकीचं सुमारे ४ कोटींचं बिल जिल्हा प्रशासनाला पाठवलं. चौकात लोक संतापले: तहानलेल्याकडून कसले पैसे घेता? पुढे रेल्वेनं खुलासाही केला की बिल प्रशासनानंच मागितलं होतं. आमच्या घरात मात्र त्या सकाळी अण्णांचा चेहरा खुलला होता. बिल आलं म्हणजे देणं किती ते कळलं, आणि देणं कळलं की मान वर करता येते, असा त्यांचा सरळ न्याय. मला तो तेव्हा कंजूष माणसाचा न्याय वाटला. आता तसा वाटत नाही. उपकार फेडायची सोय असली तरच ते घेणाराला झेपतात.

त्या वर्षी पाऊस उशिरा का होईना पण असा झाला की मांजरा भरलं. नळ पुन्हा सुरू झाला, तोही काही दिवसांआड. टँकरचा पोरगा कुठे गेला माहीत नाही. मागच्या घरच्यांशी कुत्र्यावरून एकदा रीतसर भांडण झालं आणि मला मनापासून हायसं वाटलं. आम्ही पुन्हा बरोबरीचे शेजारी झालो होतो. मुलीनं परात सोडली, तरी पाहुण्यांना पाणी देताना ती अजून अर्धाच ग्लास भरते आणि "अजून देऊ?" असं विचारते. पुण्याच्या लोकांना ते चमत्कारिक वाटतं.

आई मात्र बदलली ती बदललीच. समोरच्या नव्या बंगल्यातली मोटर सकाळी चालू राहते, गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि पाणी रस्त्यावरून आमच्या फाटकापर्यंत येतं. परवा आई पदर खोचून तिकडे गेली. समोरच्या बाईंनी आतूनच आवाज दिला, "काकू, पाणीपट्टी भरताव की आम्ही!"

"मिरजेला भरली होती का?" आईनं विचारलं.

बाई मूळच्या लातूरच्या नाहीत, त्यांना संदर्भ लागला नाही. आईनं तो फाटकात उभं राहून अर्धा तास सांगितला. आठवडाभर दोघींची बोलाचाली बंद होती, आणि मोटरही वेळेवर बंद होत होती.