राउमाच्या खिडक्या

शनिवार रात्र, तुर्कू, फिनलंड

साडेनऊ वाजलेत तरी बाहेर अजून उजेड आहे. पाय ठणकतायत. जुन्या राउमातल्या दगडगोट्यांच्या रस्त्यांवर पातळ तळव्याच्या चपला घालून जायचं नसतं, ही आजची पहिली शिकवण.

तुर्कूहून बसने दीडेक तास. रेल्वे राउमापर्यंत माणसं नेत नाही, त्यामुळे बसला पर्याय नव्हता. उतरल्यावर आधी चारचौघांसारखं गाव लागतं, पार्किंग, सुपरमार्केट वगैरे. दोन वळणं घेतली की एकदम लाकडी घरं सुरू होतात. जवळजवळ ६०० इमारती, बहुतेक बैठ्या, पिवळ्या, फिकट निळ्या, हिरव्या. १६४० आणि १६८२ साली आगीत गाव जळालं, पण रस्ते मध्ययुगात होते तसेच वाकडेतिकडे राहिले. १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तरी ते संग्रहालय वाटत नाही. फाटकातून आत डोकावलं तर दोरीवर कपडे वाळत होते, कोणाची तरी सायकल उलटी करून ठेवलेली होती. शेकडो माणसं इथे राहतात, आणि माझ्यासारखे लोक दिवसभर त्यांच्या दारासमोर फोटो काढतात. मला जमलं नसतं.

मी मात्र खिडक्याच बघत हिंडले. बऱ्याच खिडक्यांत चिनी मातीची कुत्र्यांची जोडी बसलेली. खलाशी लांबच्या सफरींवरून अशी कुत्री घेऊन यायचे म्हणे. नवरा समुद्रावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, घरी आला की आत! खरं किती, कोण जाणे, पण गोष्ट इथे शोभते. १८९० च्या दशकात फिनलंडमधला सगळ्यांत मोठा शिडाच्या जहाजांचा ताफा या गावचा होता. त्या पैशातूनच घरांच्या दर्शनी बाजूंना ही नक्षीदार फळ्यांची ऐट आली. काही खिडक्यांच्या चौकटीला बाहेरून छोटे आरसे लावलेले दिसले. घरात बसून रस्त्यावर कोण येतंय जातंय ते बघायचं, आपण दिसायचं नाही. फिनिश लोक इतरांच्यात नाक खुपसत नाहीत असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. ते आता मागे घ्यावं लागणार.

जुलैअखेरचा लेस-सप्ताह चालू आहे (१९७१ पासून भरतो), म्हणून अंगणाअंगणांत बायका लेस विणत बसल्या होत्या. हे आजीच्या क्रोशासारखं नाही. इथे सुई नाही की आकडा नाही. कडक उशीवर टोचलेला नमुना, त्यावर टाचण्या, आणि धागा गुंडाळलेल्या लाकडी कांड्यांच्या जोड्या. कांड्या कितीही असोत, हातात एका वेळी चारच. एकमेकींवरून न्यायच्या किंवा पीळ द्यायचा, हालचाली दोनच. त्या दोनांतून फुलं, पानं, जाळी. कांड्यांचा टकटक आवाज इतका शांत करणारा की मी अर्धा तास तिथेच उभी. एका आजींनी खूण करून बसायला सांगितलं. मी तिसऱ्याच फेऱ्यात गुंता केला. त्यांनी एक शब्द न बोलता टाचण्या काढल्या, धागे मागे नेले आणि पुन्हा माझ्या हातात दिले. मला ओरडा परवडला असता.

अठराव्या शतकात बायकांच्या टोप्यांना ही लेस लावायची फॅशन होती, म्हणून राउमाचं नाव झालं. पुढे टोप्याच गेल्या आणि धंदा बसला. जुन्या लेसचे नमुने १७७६ सालच्या टाउन हॉलमध्ये काचेआड पाहिले. विकायला असलेल्या बोटभर रुंद पट्टीची किंमत विचारली आणि ती हळूच जागेवर ठेवली. महाग म्हणायची हिंमत नाही, तो गुंता आठवत होता.

होली क्रॉस चर्चमध्ये धावती भेट. फ्रान्सिस्कन साधूंचं जुनं दगडी चर्च, भिंतींवर मध्ययुगीन चित्रं. मान वर करून बघताना तिचीही तक्रार सुरू झाली, मग कॉफी आणि पुल्ला, म्हणजे इथला गोड पाव. पुल्लामध्ये वेलची असते, आणि ती इतकी सढळ असते की पहिल्या घासाला दर वेळी श्रीखंड आठवतं.

बाजूच्या टेबलावर दोन म्हातारे बोलत होते. चार वर्षांच्या फिनिशच्या बळावर कान लावला, एक वाक्य पदरात पडेल तर शपथ. ती राउमाची स्वतःची बोली, 'राउमान गियेल'. हेलसिंकीची माणसंसुद्धा इथे चाचपडतात म्हणे, तेवढाच दिलासा.

बसकडे परतताना एका खिडकीत कुत्र्यांची जोडी होती. एकाचं तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचं घरात. थांबून बघत राहिले आणि मग लक्षात आलं, पडद्याआडून एक बाई माझ्याकडे बघतायत. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.