सेन्कूचा शेवट पटला का?

"मॅडम, तुम्हाला शेवट पटला का?"

हा प्रश्न मला दर वर्षी येतो. नवी बॅच येते, दोन-तीन महिन्यांत कुणाला तरी सुगावा लागतो की केमिस्ट्रीच्या मॅडम 'डॉक्टर स्टोन' वाचतात, आणि मग प्रॅक्टिकल संपल्यावर ब्युरेट धुता धुता कुणीतरी हळूच विचारतं. पुण्याचा भाचाही फोनवर तेच विचारतो. आजवर ज्याला त्याला तुकड्या-तुकड्यांत उत्तर दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सलग लिहिते. शेवट सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, तेव्हा जे अजून ॲनिमे (याच गोष्टीची कार्टून मालिका) बघतायत त्यांनी इथेच थांबावं.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डॉक्टर स्टोन' हा जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. कथा रिइचिरो इनागाकी यांची, चित्रं बोइची या कोरियन चित्रकाराची. 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात मार्च २०१७ ते मार्च २०२२ अशी पाच वर्षं दर आठवड्याला तो येत राहिला, एकूण २३२ प्रकरणं. एके दिवशी हिरवा झोत येतो आणि पृथ्वीवरची सगळी माणसं दगड होतात. ३,७०० वर्षांनी सेन्कू इशिगामी नावाचा शाळकरी मुलगा जागा होतो. एवढा काळ तो दगडाच्या आत सेकंद मोजत बसलेला असतो, कारण हिवाळ्यात जाग आली तर जगणार नाही हे त्याला ठाऊक असतं. मग तो शून्यापासून विज्ञान पुन्हा उभं करायला घेतो. वटवाघळांच्या गुहेत झिरपणारं नायट्रिक ॲसिड आणि द्राक्षांच्या दारूतून काढलेलं अल्कोहोल एकत्र करून माणसं जागी करणारं द्रावण बनवतो. पुढे साबण, लोखंड, काच, वीज, फोन, जहाज, आणि दगड करणाऱ्या शक्तीचा माग चंद्रावर लागतो म्हणून शेवटी रॉकेट.

शेवटचं प्रकरण आपल्याकडे ६ मार्च २०२२ च्या रविवारी रात्री साडेआठला आलं. जपानात सोमवार उजाडायला बारा वाजले की इथे साडेआठ होतात, आणि प्रकाशकांच्या ॲपवर त्याच क्षणी इंग्रजी प्रकरण फुकट वाचायला मिळतं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकूनच वाचलं. संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जणू घरातलं कार्य उरकल्यासारखं वातावरण होतं. एक मुलगी सेन्कूचे मित्र तैजू आणि युझुरिहा यांच्या लग्नाबद्दल बोलताना रडली. पहिल्या प्रकरणात तैजू प्रेमाची कबुली द्यायला निघालेला असतो आणि नेमका तेव्हाच दगड होतो. ३,७०० वर्षं मनात धरून ठेवलेलं ते लग्न शेवटी लागलं, ती रडणार नाही तर काय. दुसरीला राग होता की सेन्कू आणि त्याची लढवय्यी सोबतीण कोहाकू यांचं काहीच झालं नाही. आणि मागच्या बाकावरचा एक हुशार मुलगा, जो पाच वर्षांत एकही आठवडा चुकला नव्हता, तो गप्प होता. मी विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, सेन्कूने कधी जादू केली नाही. प्रत्येक गोष्ट हाताने करून दाखवली. आणि शेवटी काय, तर टाइम मशीन? ही चीटिंग आहे."

बहुतेकांच्या तक्रारी या दोनच. एक, शेवट घाईत उरकला. दोन, सेन्कू शेवटी बनवायला घेतो ते टाइम मशीन.

पहिली तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे आणि अजूनही सलते. चंद्रावर माणूस पाठवायला अपोलो मोहिमेत सुमारे चार लाख लोक राबले होते. इथे जगभर शहरं वसवत, एकेका ठिकाणी एकेक गोष्ट मिळवत रॉकेट उभं राहतं, ही कल्पनाच किती सुंदर! त्यात आपला भारतही येतो: जहाजाचा कप्तान र्‍युसुईचा मोठा भाऊ साई, गणितात अफाट डोक्याचा, इथे दगड होऊन पडलेला असतो आणि त्याच्यासाठी जहाज इथवर येतं. आमच्या पोरांनी तेव्हा लॅब डोक्यावर घेतली होती. पण थांबायला वेळच नाही. एका आठवड्यात रबर, पुढे ॲल्युमिनियम, चला पुढे. चंद्रावरचं रहस्यही असंच भराभर उलगडतं. माणसांना दगड करणारी ती यंत्रं स्वतःच एक प्रकारचे जीव निघतात. दगड होणं म्हणजे न मरणं, ही त्यांची देणगी. त्या बदल्यात माणसांनी त्यांची देखभाल करायची. एवढा मोठा सौदा, त्यावर निदान दहा प्रकरणं वाद व्हायला हवा होता.

हे मी का म्हणते ते कळायला सल्फा औषधाचा भाग आठवा.

गावाची पुजारीण रुरी आजारी असते. आजार नेमका कोणता हे कळलेलं नसतानाही सेन्कू जंतूंवरचं सल्फा औषध बनवायचं ठरवतो; तो न्यूमोनिया आहे हे औषध दिल्यावर ताडतो. मग तो उलटा आराखडा काढतो. औषधाला हे लागेल, त्याला ते लागेल, त्याला वीज, विजेला चुंबक, चुंबकाला लोखंड. नदीकाठच्या वाळूतून लोहकण वेचण्यापासून सुरुवात. कासेकी नावाचा म्हातारा कारागीर काच फुंकून चंबू आणि नळ्या बनवतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबरीचे सोबती मिळाले म्हणून त्याला भरून येतं. सल्फ्युरिक ॲसिडसाठी ज्वालामुखीच्या कुशीतल्या हिरव्या तळ्यावर जातात. तिथली हवा एका श्वासात जीव घेईल अशी, म्हणून चांदीचं टोक असलेला भाला पुढे धरायचा. चांदी काळवंडली की मागे फिरायचं. गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते हे मी फळ्यावर वीस वर्षं लिहितेय. त्या भाल्याचं टोक बघताना माझाच श्वास अडकला होता.

आमच्याकडे बीएस्सीला ॲसिटानिलाइड हे संयुग करायला असतं. ॲनिलीन म्हणजे जुनी बाटली असेल तर तपकिरी झालेलं, तेलकट, नाकात बसणाऱ्या वासाचं द्रव. त्यात ॲसेटिक ॲनहायड्राइड घालून तापवायचं आणि बर्फाच्या पाण्यात ओतायचं. ओतल्याबरोबर पांढरे पापुद्रे तरंगतात. ते गरम पाण्यात विरघळवून गाळून सावकाश गार होऊ दिलं की अभ्रकासारख्या चकाकणाऱ्या पट्ट्या सुटतात. मुलं फिल्टर पेपर तिरका धरून उजेडात बघतात. मी तेव्हा दर वर्षी सांगते की इथून सल्फानिलामाइड, म्हणजे सेन्कूचं सल्फा, फक्त तीन पायऱ्यांवर आहे. सेन्कूने गुहेत आणि झोपडीत ज्या पायऱ्या चढल्या, त्यातली एक आत्ता तुमच्या हातात आहे.

खऱ्या जगात ही पायरी जर्मनीत सापडली. संशोधक गेरहार्ड डोमाक कापडाच्या रंगांवरून निघालेली संयुगं उंदरांवर तपासत होते. त्यांच्या प्रॉन्टोसिल या लाल रंगाच्या औषधाचा शोधनिबंध फेब्रुवारी १९३५ मध्ये आला. स्वतःच्या मुलीच्या हातात सुईने जंतुसंसर्ग झाला तेव्हा त्यांनी तिलाही तेच दिलं आणि ती वाचली. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं की रंगाचं काम नाहीच, शरीरात त्यातून सुटणारं साधं सल्फानिलामाइड खरं औषध आहे. पण न्यूमोनियावर ते तितकं चालत नव्हतं, हे मांगा वाचणाऱ्यांना मी मुद्दाम सांगते. न्यूमोनियाला खरा आवर घातला त्याच घराण्यातल्या सल्फापिरिडिनने, आणि ते इंग्लंडमधून १९३८ साली आलं.

१९३८.

माझ्या आजोबांची मोठी बहीण १९३७ च्या पावसाळ्यात गेली. नऊ वर्षांची होती. राजापूरजवळचं गाव, पुलाशिवायची नदी, डॉक्टर पलीकडे. "छातीत कफ झाला" एवढंच घरात म्हणत, पण आजोबा सांगायचे ती लक्षणं, ताप, कुडकुडणं, कुशीत कळ, धाप, ऐकून कुणालाही कळावं. आजोबा तेव्हा सात वर्षांचे. त्यांचं काम होतं जवसाचं पोटीस चुलीवरून ओटीवर नेणं. पंच्यात गुंडाळलेला गरम लगदा, हात पोळायचे, पण गार व्हायच्या आत पोचवायचा. पाचव्या का सहाव्या दिवशी आईने सांगितलं, आता नको आणूस. ऐंशी ओलांडल्यावरही ते ही गोष्ट सांगताना दोन्ही तळवे पुढे धरायचे, जणू त्यांच्यात अजून काही गरम आहे.

औषध पुढच्या वर्षी आलं. राजापुरात पोचायला आणखी किती वर्षं गेली असतील कोण जाणे, पण जगात ते होतं.

आता टाइम मशीनकडे येते.

सुरुवातीलाच सेन्कू आणि त्यानेच जागा केलेला बलदंड त्सुकासा यांच्यात फूट पडते ती नेमकी कशावरून? त्सुकासाला निवडक माणसं जागी करायची असतात. नको असलेल्या मोठ्यांचे पुतळे तो फोडत सुटतो. सेन्कूचं म्हणणं एकच, विज्ञानाच्या बळावर मी सगळ्यांना वाचवणार. सात अब्जच्या सात अब्ज, आवडता-नावडता न करता. वाचताना आपण ते वाक्य त्याची ऐट समजून सोडून देतो. पण हिशेब करा. फोडलेल्या पुतळ्यांचं काय? ३,७०० वर्षं ऊन-पावसात झिजून ज्यांचा चुरा झाला त्यांचं काय? आणि त्याचे वडील ब्याकुया? ते अवकाश स्थानकावर होते म्हणून दगड झाले नाहीत. सोबत्यांसह पृथ्वीवर उतरले, गोष्टींच्या रूपाने ज्ञान पुढच्या पिढ्यांच्या हाती ठेवलं आणि मुलगा जागा व्हायच्या हजारो वर्षं आधी म्हातारे होऊन गेले. कुठल्याही द्रावणाने ते परत येत नाहीत. 'सगळे' या शब्दात ते धरायचे की नाही?

धरायचे असतील तर मागे जाण्यावाचून रस्ता नाही. माझ्या वाचनात टाइम मशीनचा अर्थ हा आहे. सेन्कूने पहिल्या वर्षी दिलेला शब्द शेवटच्या पानावर सोडून दिला नाही, एवढंच. आणि तो ते मशीन बनवून दाखवत नाही, हेही माझ्या हुशार विद्यार्थ्याला मी तेव्हाच दाखवलं होतं. चंद्रावरची बाकीची यंत्रं निघून गेली, एक मागे राहिलं. त्याच्या जोरावर तो फक्त कामाला लागतो. शक्य आहे की नाही ते ठाऊक नसताना आराखड्याची पहिली चौकट काढतो. वाळूतून लोखंड वेचणाऱ्यांनाही रॉकेट दिसत नव्हतं.

मला विचाराल तर खरा कळस मात्र चंद्राच्या आधीच होऊन गेला, सुइकाच्या वेळी. दूरचं धूसर दिसतं म्हणून डोक्यावर कलिंगडाचं टरफल घालून फिरणारी छोटी मुलगी. सेन्कूने काचेची भिंगं बसवून दिल्यावर पहिल्यांदा सूर्यफुलांचं शेत लख्ख दिसतं तिला. (मला चष्मा लागला तेव्हा समोरच्या आंब्याला वेगवेगळी पानं असतात हे बघून मी दारात उभीच राहिले होते, म्हणून ती पानं मी किती वेळा उघडली त्याची गणती नाही.) पुढे सगळी माणसं पुन्हा एकदा दगड होतात आणि जागी होते ती एकटी सुइका. द्रावण सांडून गेलेलं. रसायनशास्त्र तिला येत नाही, शिकवायला कुणी नाही. चुकत, सांडत, पुन्हा करत सात वर्षं जातात. ती वाढते, केस वाढतात, टरफल मात्र जवळच असतं. आणि एके दिवशी द्रावण जमतं, ती ते सेन्कूवर ओतते. ज्याने तिला बघायला शिकवलं त्याला तिने उठवलं. एवढं लिहून इनागाकींनी हात जोडले असते तरी मी तक्रार केली नसती.

तर पटला का? घाई नाही पटली, टाइम मशीन पटलं. मागे जाता आलं असतं तर मी काय नेलं असतं हे मला कुठलंही गणित न करता माहीत आहे. सल्फापिरिडिनच्या गोळ्यांची एक पुडी, आणि नदीपलीकडे पोचायला एक होडी.

यंदा ॲसिटानिलाइडच्या दिवशी मी फळ्यावर १९३५ लिहिलं, १९३८ लिहिलं आणि मध्ये १९३७ लिहून खडू ठेवला. मुलांनी विचारलं तेव्हा पोटिसाची गोष्ट सांगितली. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग पुढच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नाव काय होतं त्यांचं?"

घरात सगळ्यांना विचारलं होतं मी. कुणालाच माहीत नाही. आजोबा शेवटपर्यंत नुसतं अक्काच म्हणायचे.