आरशातून बाहेर पडलेला राजपुत्र

पुण्यात गेम डिझाइन शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. प्रवेशाच्या वेळी पालक तो विचारतात, पहिल्या सत्राच्या अखेरीस विद्यार्थी विचारतात, आणि लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही विचारतात: एकाच गेमचे दुसरे, तिसरे, सातवे भाग निघत राहिल्यामुळे या धंद्यात नवे काही सुचणेच बंद पडले आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. एरवी ‘तसे काही नाही’ म्हणून मी विषय संपवत असे.

माझ्या पिढीतल्या अनेकांनी संगणकावर पाहिलेला पहिला गेम म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. १९९०च्या दशकात साताऱ्यात आमच्या कॉम्प्युटर क्लासचे सर चहाला बाहेर पडले की कोणीतरी ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टाइप करून तो सुरू करी, कारण तसे केले की अडलेली लेव्हल ओलांडता येई. चौथ्या लेव्हलला परतीच्या वाटेवर अचानक एक आरसा उभा राहतो. धावत येऊन त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली पलीकडून बाहेर पडते आणि आपल्या शक्तीचा एकच लाल त्रिकोण शिल्लक राहतो. पुढे ती सावली आपल्या वाट्याची बाटली पिऊन टाकते, ऐन वेळी दार लावून घेते, आणि बाराव्या लेव्हलला तलवार उपसून समोर येते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत गेले की दोघे एक होतात, हे उमगायला आम्हाला कित्येक दिवस लागले.

ही सावली आली कुठून, हे मला फार उशिरा कळले. जॉर्डन मेकनर यांनी १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले, त्यावरून एकेक चित्र काढले आणि १९८९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी हा गेम पुरा केला. त्या हालचालींनीच संगणकाची मेमरी इतकी भरली होती की आणखी एका पात्राची चित्रे ठेवायला जागा दिसेना. तेव्हा त्यांनी राजपुत्राचीच चित्रे घेतली आणि किंचित सरकवून ती स्वतःवरच अशी चढवली की एक लकलकणारी आकृती तयार झाली. नंतर काटकसर करून पहारेकऱ्यांसाठी जागा निघाली खरी, पण त्या गेममध्ये आजही आठवते ती सावलीच, आणि तिच्यासाठी नवे चित्र असे एकही काढलेले नव्हते.

म्हणून जुने सामान पुन्हा वापरले की कल्पकता मरते, हे मला पटत नाही. पुढच्या भागात नायकाचे धावणे, कॅमेऱ्याचे फिरणे, भिंतींची चित्रे हे सारे आधीच तयार असते, आणि वाचलेला वेळ एखाद्या विचित्र कल्पनेवर घालवता येतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘झेल्डा’ या गेममालिकेत हे घडले आहे. १९९८च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’नंतर एजी आओनुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गेममधली पात्रे आणि चेहरे उचलून २००० साली ‘माजोराज मास्क’ काढला. मात्र त्यात तीन दिवसांनी चंद्र पृथ्वीवर कोसळतो आणि आपण पुन्हा पहिल्या दिवशी येतो. हे तीन दिवस खेळणाऱ्याच्या घड्याळात तासाभराहूनही कमी भरतात. कोण कुठल्या दिवशी कुठे जातो, कोणाचे पत्र कोणाला पोहोचत नाही, हे पाठ करत राहणे हाच तो गेम होय. वेळेच्या घाईने सिक्वेल बिघडतात असे मीही बरीच वर्षे म्हणत असे. परंतु हा गेम साधारण वर्षभराच्या मुदतीत करायचे आव्हान म्हणूनच हाती घेतलेला होता, त्यामुळे ते म्हणणे मला सोडावे लागले. त्यांनी चेहरे ठेवले आणि राजकन्येची सुटका, ठरलेला खलनायक, ओळखीचा प्रदेश हे सारे बाजूला सारले. आता मी कोणत्याही दुसऱ्या भागाबद्दल एकच चौकशी करतो, की यात टाकून काय दिले आहे.

राजपुत्राचे पुढे काय झाले ते पाहा. मधले दोन भाग सोडून देऊ. २००३ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओने याच मालिकेतला ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. त्यात उडी चुकली तर खंजिरातल्या वाळूने काळ काही सेकंद मागे फिरवता येतो. वाळू संपलेली असताना मेलोच, तर कथा सांगणारा राजपुत्र ‘हे असे घडलेच नव्हते’ असे म्हणत स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो. दुसऱ्याच वर्षी आलेल्या भागात काळ मागे फिरवणे तेवढे शाबूत राहिले आणि ती गोड कथनशैली जाऊन रक्तपात आला. खरी गंमत पुढेच आहे. त्याच स्टुडिओतले पात्रिस देसिले आणि त्यांचे सहकारी याच मालिकेचा आणखी एक भाग रचत होते, त्यात राजपुत्र नायक नसून त्याचे रक्षण करणारा मारेकरी नायक होता. राजपुत्राच्या नावाचा गेम राजपुत्राविना कसा खपवायचा, असा पेच पडला आणि अखेर नावच सोडून देण्यात आले. २००७ साली तो ‘असॅसिन्स क्रीड’ म्हणून आला.

पुढे ‘असॅसिन्स क्रीड’चीही मालिका झाली आणि तिथेही भागांमागून भाग निघू लागले. २००९ ते २०१५ या काळात दरवर्षी तिचा मुख्य भाग निघाला, आणि २०१४ च्या पॅरिसमधल्या भागात तर तांत्रिक चुकीमुळे काही पात्रांचे चेहरेच गायब होऊन नुसते डोळे आणि दात हवेत तरंगत होते. २०१६ साली कंपनीने एक वर्ष सोडले, तेव्हा कुठे २०१७ चा इजिप्तचा भाग वेगळा निघाला.

या कहाणीला पुण्याचाही एक धागा आहे. २००३ च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओ करत असल्याची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली. तिच्या पहिल्या दृश्यांवर टीका झाली आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेले. इथल्या लोकांच्या कौशल्यावर त्या वेळी बरेच बोलले गेले. मला मात्र वाटत राहिले, की जिथे काहीच टाकून द्यायची मुभा नाही, असेच काम आपल्या वाट्याला आले होते. पुढच्या भागात निदान ‘हे आता नको’ असे म्हणता येते. पुनर्निर्मितीत तेही म्हणता येत नाही.

वर्गात म्हणूनच मी दुसऱ्या सत्रात एक काम देतो: आपल्याच पहिल्या गेमचा दुसरा भाग दहा दिवसांत करा, आणि नवे एकही चित्र काढू नका. गेल्या वर्षी एका मुलाचा पहिला गेम पावसाळ्यात खड्डे चुकवत स्कूटर चालवण्याचा होता. दुसऱ्या भागात तोच रस्ता आणि तेच खड्डे होते, पण खेळणारा खड्डे बुजवणारा कामगार झाला होता. डांबर एका टेम्पोपुरतेच, म्हणून कुठला खड्डा तसाच ठेवायचा हे त्याला ठरवावे लागे, आणि पहिल्या भागातल्या स्कूटर आता त्याच्याच अंगावर येत होत्या. तिसरा भाग करू का, असे त्याने विचारले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारले, की या वेळी काय टाकणार. थोडा वेळ डोके खाजवून तो म्हणाला, ‘‘खड्डे.’’ आता त्या गुळगुळीत रस्त्यावर खेळणाऱ्याने करायचे तरी काय, इथे तो गेले दोन महिने अडला आहे.