टेबलावर बसून बास्केटबॉल लिहिताना

लेक चौदा वर्षांखालच्या बास्केटबॉल संघात खेळायला लागली आणि मी मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणाऱ्या आयांमध्ये सामील झाले. शालेय स्पर्धांच्या दिवसांत टेबलावर, म्हणजे मैदानाशेजारी बसून गुण आणि फाउल लिहायला, माणसं मिळत नाहीत. क्रीडाशिक्षक एक तर पंच असतात नाही तर आपापल्या संघामागे असतात, मग लिहिणार कोण? आमच्या मैदानावर एक निवृत्त क्रीडाशिक्षक रोज येतात. मी सोलापूरच्या नवी पेठेत चादरीच्या दुकानात हिशेब बघते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "ताई, आकड्यांचा हात आहे ना तुमचा? मग बसा शेजारी."

सरांनी आधी दोन पेनं दिली, एक लाल आणि एक निळं. सामन्याचे चार भाग, म्हणजे क्वार्टर; पहिला-तिसरा क्वार्टर लाल, दुसरा-चौथा निळा किंवा काळा. बरोबरी होऊन जादा वेळ दिला तर तोही निळ्यातच. नंतर शीट, म्हणजे आपण लिहितो तो गुणांचा कागद, बघणाऱ्याला रंगावरूनच कळतं की कुठला गुण कधीचा. सामन्याच्या किमान ४० मिनिटं आधी संघांची नावं यायला हवीत. शाळांच्या सामन्यात ती धावतपळत येतात, तो भाग सोडा. प्रशिक्षक सुरुवातीच्या पाच जणींपुढे छोटी फुली करतात. त्या मैदानात उतरल्या की आपण फुलीभोवती गोल करायचा. बदली आलेल्या मुलीच्या नावापुढे नुसती फुली.

मला सगळ्यात आवडला तो रनिंग स्कोअर, म्हणजे वाढत जाणाऱ्या एकूण गुणांचा रकाना. १ ते १६० आकडे छापलेलेच असतात. बास्केट झाली की संघाच्या नव्या एकूण गुणांवर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेली मोकळी फेक, असेल तर रेघेऐवजी भरीव ठिपका. तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. समजा संघाचे २१ आहेत आणि ७ नंबरच्या मुलीने लांबून टाकली, तर २४ वर रेघ आणि शेजारी गोलातला ७. मधले २२, २३ कोरेच राहतात. रोजमेळात जमा वेगळी लिहा, शिल्लक वेगळी काढा. इथे एकाच रेघेत दोन्ही होतं. ही पद्धत ज्याने शोधली त्याला मी मनापासून मानते.

फाउल मात्र कानांनी लिहिता येत नाही. आमच्याकडे मुली मैदानात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, जे तोंडात येईल त्यात एकमेकींना हाका मारतात, त्यात पालकांचा गलका. म्हणून पंच टेबलाकडे वळून सगळं हातांनीच सांगतात: आधी खेळाडूचा नंबर, मग फाउलचा प्रकार, मग फ्री थ्रो किती किंवा बॉल कुठल्या बाजूला. ११ ते १५ साठी उजवी मूठ म्हणजे दहा आणि डाव्या हाताची बोटं वरची. १६ पासून पुढे आधी हाताची मागची बाजू दाखवून दशक, मग तळवा दाखवून एकक. २३ म्हणजे पालथी दोन बोटं, मग सुलटी तीन. रात्री मी भाकरी थापायची आणि लेक ओट्यापलीकडे उभी राहून पंच व्हायची. तव्यावरची भाकरी उलटता उलटता मी नंबर ओरडायची. तीही नियम शिकली, हा वरचा फायदा.

वैयक्तिक फाउलला 'पी' लिहायचं, फ्री थ्रो असतील तर खाली त्यांचा आकडा. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल भरले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळू लागतात. एकाच मुलीचे पाच झाले तर ती बाहेर. लाल ५ ची पाटी वर करावीच लागते, समोर बारा-तेरा वर्षांचं पोर रडवेलं झालेलं दिसत असलं तरी. लेकीच्या सामन्याला मी लिहायला बसत नाही. कुणी मनाई केलेली नाही, पण समोरच्या संघाच्या आईला शंकेला जागा राहू नये.

टाइमआउट, म्हणजे संघाने मागून घेतलेली छोटी थांबणी, लिहायला सोपे आहेत: पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन, न वापरलेल्या चौकटीत दोन आडव्या रेघा. शेवटी टेबलावरच्यांच्या सह्या आणि सगळ्यात शेवटी मुख्य पंचांची. रीतसर शीटच्या चार प्रती निघतात. त्यातली एक हरलेल्या संघाला जाते, हे मला फार बरं वाटलं. त्यांच्याही मुलींनी टाकलेला एकेक गुण त्यावर नावानिशी असतो.

आता सर मला २४ सेकंदांच्या घड्याळावर बसवणार आहेत; बॉल हातात आलेल्या संघाने तेवढ्या वेळात बास्केटकडे टाकायला हवा, ते हे घड्याळ मोजतं. ते लिहिण्यापेक्षा अवघड आहे. बॉल रिमला, म्हणजे बास्केटच्या कड्याला, लागून पुन्हा टाकणाऱ्याच संघाकडे आला तर घड्याळ २४ वर न्यायचं नाही, १४ वर आणायचं, आणि हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. सध्या संध्याकाळच्या सरावाला स्टॉपवॉच घेऊन बेसलाइनजवळ, म्हणजे बास्केटमागच्या रेषेपाशी, उभी असते. सोलापुरात कुणाला टेबल शिकायचं असेल तर पेनं आमच्याकडे आहेत, या.