तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी झाडाचीच ना?

"ताई, ही गोळी झाडापासूनच करतात ना? मग एखादी जास्त झाली तर काय होतंय?" अशोक चौकाजवळच्या माझ्या औषध दुकानात हे सारखं विचारलं जातं. विचारणाऱ्याचं युरिक ॲसिड वाढलेलं, अंगठा सुजलेला, पाऊल चपलेत अर्धंच. गोळी असते कॉल्चिसिनची.

हो, झाडाचीच. १८२० साली पेलेटिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून हे अल्कलॉइड, म्हणजे झाडातलं जहाल रसायन, वेगळं काढलं. आपल्याकडे तेच कळलावीत आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढते, पानाच्या टोकानं आधार पकडते, ज्वाळेसारखी पिवळी-लाल फुलते, ती वेल. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावत, त्यावरून नाव पडलं. आयुर्वेदात ती लांगली, आणि तिची गणती उपविषांत. गोमूत्रात शोधन, म्हणजे शुद्धी, केल्याशिवाय कंद औषधात घेत नाहीत. 'झाडपाल्याचा अपाय नसतो' असं ज्यांचा हवाला देऊन आपण म्हणतो, त्यांनीच तिला विषात धरलंय.

माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे, होते. आयुष्य चादरींत गेलं आणि एका रात्री सुजलेल्या अंगठ्याला चादरीचं टोक लागलेलं सोसेना. दिवसाला दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्यांनी दुपारपर्यंत सात घेतल्या. झाडाची आहे, बाधत नाही, असं शेजारी कुणी सांगितलेलं. संध्याकाळी उलट्या, जुलाब, पोटात पाणी ठरेना. तीन दिवस सलाईनवर काढले.

पुढे डी. फार्मला शिकले ते मी त्यांना मागाच्या भाषेत सांगितलं. सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक साचतात. पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात आणि त्या धावपळीनं अंगठा पेटतो. पेशीला हलायला आत सुतासारख्या बारीक नळ्या लागतात. कॉल्चिसिन ते सूत जुळूच देत नाही. पेशी रेंगाळतात, सूज उतरते. पण एका पेशीच्या दोन होतानाही तेच सूत लागतं. आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं इथे हे काम अखंड चालू असतं, म्हणून जास्तीची गोळी तिथेच बाधते. आधी जुलाब. मात्रा फारच झाली तर रक्त तयार होणं थांबतं, जगलेल्यांचे केस गळतात. नेमका उतारा दवाखान्यातही नसतो. श्रीलंकेत खायचा कंद समजून कळलावी खाल्लेली माणसं दगावली आहेत.

वडील ऐकून म्हणाले, "म्हणजे सगळेच माग बंद पाडतंय म्हण की."

पूर्वी डॉक्टरही जुलाब लागेपर्यंत तासातासाला गोळी देत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं की थोड्या मात्रेनं आराम तेवढाच पडतो आणि त्रास खूप कमी होतो. फक्त दुखणं उठताच घ्यायला हवी. डोकं दुखतंय, कंबर धरली म्हणून ही गोळी मागू नका. युरिक ॲसिडही तिनं उतरत नाही.

आणि मी उलट विचारते तेव्हा रागावू नका: दुसरं काय चालू आहे? किडनीचा त्रास? क्लॅरिथ्रोमायसिनसारखं खोकल्यावर दिलेलं औषध कॉल्चिसिनला अंगातून बाहेर जाऊ देत नाही, नेहमीची मात्राही मग जास्त होते. गेल्या महिन्यात एका काकांनी खिशातून घडीची चिठ्ठी काढली, तीत नेमकं तेच लिहिलेलं. मागे रांग होती. मी पाकीट परत फळीवर ठेवलं आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.