गाडी लीन नव्हतीच, रिच चालली होती

फ्री फ्लो एक्झॉस्ट बसवलेली गाडी माझ्याकडे येते तेव्हा तक्रार साधारण ठरलेली असते, पिकअप गेला नाहीतर ॲव्हरेज गेलं, आणि मालकाने निदान पण घरूनच करून आणलेलं असतं, "गाडी लीन झालीय". लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त. दरवेळी चुकीचं नसतं ते निदान. गॅस मोकळा बाहेर जायला लागला की हवा जास्त आत येते आणि इंजेक्टर जुन्याच हिशोबाने पेट्रोल मारत बसतो, एवढं खरं आहे. पण एका गाडीने आम्हाला अख्खा दिवस असा नाचवला की तेव्हापासून "लीन झालीय" ऐकलं की मी आधी स्पार्क प्लग खोलतो, बाकी गप्पा नंतर.

गाडी सिंगल सिलेंडर, फ्युएल इंजेक्शन, चारशे सीसीच्या आतली. मालक तरुण पोरगा, एकदम उत्साही. कंपनीचा पूर्ण एक्झॉस्ट उतरवून त्याने इंजिनपासून शेवटपर्यंत नवीन सिस्टीम टाकली होती, म्हणजे जाडा बेंड पाईप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू मारणारा डबा) गायब, मागे आखूड सायलेन्सर आणि त्यातला डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारी नळी, पहिल्याच दिवशी काढून टाकलेला. सोबत एक पिगीबॅक फ्युएल बॉक्स आणलेला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून पेट्रोल कमीजास्त करायची डबी. "दादा, हा फक्त जोडून द्या, पेट्रोल वाढवा थोडं, गाडी लीन आहे. खालच्या आरपीएमला जीवच नाही आणि एक्सलेटर सोडला की फटाके फुटतात." म्हटलं, फटाके तर तुला आवडत असतील. हसला नुसता.

गाडी चालू केली. रेस देऊन सोडली की फट् फट् फटाक, आणि मागून येणारा वास डोळ्यात जाणारा, कच्च्या पेट्रोलचा. लीन गाडीला असा वास येत नाही. प्लग काढला तर काळाकुट्ट, बोट लावलं की काजळी, म्हणजे रिच. पोरगा म्हणतो असं कसं, सगळे म्हणतात फ्री फ्लोने लीन होते. मी म्हटलं सगळ्यांना म्हणू दे, प्लग काय म्हणतोय ते बघ.

मग स्कॅनर लावला. ओटू (ऑक्सिजन) सेन्सर या गाडीला साधा नॅरोबँड, म्हणजे तो मिश्रण नक्की किती ते सांगत नाही, फक्त १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल याच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. व्होल्टेज ०.१ च्या आसपास असेल तर लीन, ०.९ कडे गेलं तर रिच, आणि सगळं ठीक असेल तर ते सारखं वरखाली उड्या मारत राहतं. इथे उड्या नाहीतच. ०.१ ला चिकटून बसलेलं, मध्येच एखादी उडी आणि परत खाली. सेन्सर ओरडतोय लीन लीन, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बिचारा पेट्रोल वाढवत वाढवत त्याच्या मर्यादेला टेकलेला, आणि तिकडे प्लग काजळीने माखलेला. दोघांपैकी एक खोटं बोलतोय.

पोरगा म्हणाला बघा, सेन्सर पण लीनच म्हणतोय, लावा ना बॉक्स. आणि खरं सांगतो, घाईच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी तो बॉक्स लागला असता, अजून पेट्रोल ओतलं गेलं असतं आणि गाडी आणखी मेली असती.

ओटू सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो पाईपमधला ऑक्सिजन बघतो. आता बाहेरची ताजी हवा सेन्सरच्या आधी पाईपमध्ये शिरली तर त्याला ऑक्सिजन दिसणार आणि तो लीन म्हणणार, इंजिनात काहीही चाललेलं असो. लोकांना इथे शंका येते की एक्झॉस्टमध्ये तर प्रेशर असतं, लीक असेल तर गॅस बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? तर एक्झॉस्टमध्ये सलग प्रेशर नसतंच. व्हॉल्व्ह उघडला की प्रेशरचा एक ठोका पाईपमधून आवाजाच्या वेगाने पळतो, आणि पाईपचं तोंड किंवा पाईप एकदम रुंद होतो ती जागा आली की तिथून उलटा परततो, पण परतताना तो दाबाचा नसतो, ओढीचा असतो. त्या क्षणी पाईपमधलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतं. कुठे फट असेल तर हवा सुरकन आत. हीच ओढ बरोबर वेळेला व्हॉल्व्हपाशी पोचली, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह जरासे उघडे असताना, तर जळका गॅस ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत घ्यायला मदत करते. एक्झॉस्ट बदलून पॉवर मिळते ती मुख्यतः इथून.

तर फट शोधायची. गाडी थंड होऊ दिली. सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअरची नळी चिंधी गुंडाळून घट्ट बसवली, बारीक हवा सोडली आणि प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी. मधला जॉइंट ठीक, सेन्सरची जागा ठीक, आणि हेडपाशी, जिथे बेंड पाईप फ्लँजने इंजिनला लागतो, तिथे बुडबुड बुडबुड. टॉर्च मारला तर फ्लँजच्या खालच्या बाजूला काजळीचा ओघळ पण होता, नुसता वरून बघून दिसला नसता.

खोलायला घेतलं तर एक नट सहज सुटला आणि दुसरा हलेना. हे स्टड (नट बसतात ते हेडमधले बोल्ट) म्हणजे कटकट, तापून थंड होऊन गंजलेले असतात आणि जोर लावला की तुटतात, मग हेडमधून तुटका तुकडा काढत बसा. गंजावरचं ऑइल मारलं, थांबलो, नट गरम केला, जरा घट्ट जरा सैल असं करत करत निघाला एकदाचा. आत बघितलं तर कंपनीचीच जुनी तांब्याची रिंग परत वापरलेली. ती रिंग दाबली गेली की चपटी होते, एकदाच बसते, दुसऱ्या पाईपवर सील करत नाही. आणि खरं कारण त्याच्याही मागे होतं. मागचा हँगर ब्रॅकेट भोकाला जुळत नव्हता, तो ओढून ताणून बोल्ट टाकलेला, त्यामुळे अख्खा पाईप तरफेसारखा पुढच्या फ्लँजला एका बाजूने उचलत होता. नवी रिंग टाकली असती तरी महिन्याभरात तीच गत झाली असती.

ब्रॅकेटचं भोक लांबट केलं, मध्ये रबर बुश टाकला, नवी रिंग, स्टडला अँटीसीझ, परत गंजून अडकू नयेत म्हणून. सगळे नटबोल्ट आधी हाताने, पाईप आपल्या जागेवर मोकळा बसू द्यायचा, मग हेडचे नट आळीपाळीने थोडे थोडे, आणि हँगर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की ताण राहतोच, पण नवी सिस्टीम बसवताना लोक मागून सुरुवात करतात कारण सायलेन्सर लोंबत असतो आणि बघवत नाही.

ईसीयूचं शिकलेलं करेक्शन रिसेट केलं आणि चालू केली. सेन्सर नाचायला लागला, ०.१, ०.८, ०.२, ०.८. वास गेला. फटाके जवळजवळ बंद. सोडल्यावर एखादा फुटायचा तो एअर इंजेक्शनच्या व्हॉल्व्हमुळे, ती कंपनीनेच एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडायची सोय केलेली असते, उरलेलं पेट्रोल जळावं म्हणून. पोराचं तोंड पडलं. "दादा, आवाज कमी झाला." म्हटलं आवाज नाही रे, ते तुझं पेट्रोल फुटत होतं.

इथे संपायला हवं होतं, पण तो म्हणाला पिकअप अजून नाहीये. खरंच नव्हता. मग डायनोवर, म्हणजे चाकाची पॉवर मोजणाऱ्या रोलरवर, चढवली आणि त्याला घरून कंपनीचा एक्झॉस्ट आणायला लावला, नशिबाने विकला नव्हता. (कुणीही बदलत असाल तर कंपनीचा सेट फेकू नका, विकू पण नका.) आधी त्याची सिस्टीम, मग कंपनीची, तीच गाडी, तोच टायर, तेच प्रेशर. पॉवरच्या दोन्ही लाइनी स्क्रीनवर एकमेकींवर टाकल्या. सात हजाराच्या वर फ्री फ्लो जरासा पुढे, म्हणजे दिसण्याइतकाच. पण ३५०० ते ५५०० मध्ये, जिथे माणूस रोज गाडी चालवतो, तिथे कंपनीचा एक्झॉस्ट चांगलाच वर. पोरगा स्क्रीनकडे बघत बसला. "पण चालवताना तर हीच फास्ट वाटते." वाटणारच, कानाला वाटते. आवाज दुप्पट झाला की वेग वाढल्यासारखा वाटतो, मला पण वाटतो, म्हणून तर डायनो घेतला.

कारण तो जाडा बेंड पाईप. यावर लोक लगेच "बॅकप्रेशर लागतं रे इंजिनला" म्हणून मोकळे होतात आणि मला ते ऐकून वैताग येतो. बॅकप्रेशर कुठल्याच फोरस्ट्रोक इंजिनला नको असतं. लागतो तो गॅसचा वेग आणि मघाशी सांगितलेल्या ओढीची वेळ. पाईप गरजेपेक्षा जाड केला की खालच्या आरपीएमला गॅस सुस्तावतो आणि सिलेंडर नीट रिकामा होत नाही. लांबी बदलली की ओढ परत यायची वेळ बदलते, एका आरपीएमला फायदा तर दुसऱ्या आरपीएमला मार. या गाडीचा कंपनीचा बेंड बारीक दिसतो म्हणून लोक हसतात, पण तो त्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) धरून काढलेला आहे.

मग तिसरा प्रयोग. कंपनीचा बेंड, त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तसाच, आणि मागे फक्त त्याचा सायलेन्सर, म्हणजे स्लिप-ऑन, मध्ये अडॅप्टर टाकून. कॅट ठेवला यावर पोरगा कुरकुरला. त्याला सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड मारायला तो तिथे आहे, आणि बऱ्याच देशांत तो काढणं बेकायदा आहेच, आणि तुझ्या गाडीत तो काढून मिळालं काय ते आत्ता स्क्रीनवर बघितलंस. लाइन टाकली तर खाली कंपनीसारखीच आणि वर थोडी जास्त. झालं की मग.

आता आवाज. त्याला हवा होता खोल, आणि गाडी करत होती फाटका, पत्र्यासारखा. सायलेन्सरचे रिव्हेट ड्रिल करून उघडला तर आतल्या जाळीच्या नळीभोवतीची ग्लासवूल अर्धी जळून उडून गेलेली. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटवून मारतात, पण या प्रकारात सगळी मदार त्या वूलवर, आणि ती मुख्यतः कर्कश वरचा आवाजच खाते. ती गेली की कर्कश सगळा बाहेर. सिंगल सिलेंडरला ३००० आरपीएमला सेकंदाला फक्त २५ स्फोट होतात, खोली त्यातच आहे, आपण फक्त वरचा पत्रा काढायचा. नवीन वूल गुंडाळली, आतून जाळीला लागून स्टील वूलचा थर, कोंबून नाही भरली, डीबी किलर परत टाकला.

मीटर लावून बघितलं. उभ्या गाडीचा आवाज मोजायची रीत अशी की माईक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशात, आणि मॅक्स पॉवर ५००० च्या वर असणाऱ्या गाडीला त्याच्या निम्म्या आरपीएमवर धरायचं. या गाडीची पॉवर ८५०० ला, म्हणजे ४२५० वर धरली. सकाळी आली तेव्हा मोजून ठेवलं होतं, त्यापेक्षा नऊ-दहा डेसिबल खाली, म्हणजे कानाला साधारण निम्मा. पोराने हेल्मेट न घालता कान लावून ऐकलं आणि म्हणतो हाच, हाच पाहिजे होता मला. तू तर आवाज वाढवायला निघाला होतास की रे.

आणि तो बॉक्स? लावला. फुल थ्रॉटलला ईसीयू ओटू सेन्सरचं ऐकत नाही, टेबलमध्ये लिहिलेलं पेट्रोल देतो, आणि तिथे स्लिप-ऑनमुळे गाडी खरोखरच जराशी लीन होती. मागून वाइडबँडचा, म्हणजे मिश्रण नक्की किती ते सांगणाऱ्या सेन्सरचा, प्रोब चांगला आत घालून बघितलं, तोंडाशी ठेवला तर बाहेरची हवा मिसळून तोही फसतो, तर १३.८ च्या आसपास दिसत होतं. वरच्या आरपीएमला आणि थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा असेल तेवढ्याच खान्यांत पेट्रोल वाढवून १३ वर आणलं, बाकी सगळी शून्यं ठेवली, कारण क्रूझिंगला सेन्सर स्वतःच सांभाळतो आणि तिथे बॉक्सने हात घातला की दोघांची मारामारी.

जाताना सांगितलं की थोडे दिवस चालव, पाईप चार-सहा वेळा तापून थंड झाला की ये, थंड इंजिनवर हेडचे नट परत बघायचे. आला, तेव्हा एक नट पाव आटा फिरलाच. प्लग काढला, तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर. मग म्हणतो दादा, आता एअर फिल्टर बदलू का मोठा? म्हटलं आधी ही टाकी संपव, मग बोलू.