ड्रॉइंगमधला एक स्विच

मी रेस्टॉरंटचं इंटिरियर करत होते त्या साइटवर पोचले तर बाहेरूनच ग्राइंडरचा आवाज. संरक्षित इमारतीत हा आवाज आला की काहीतरी बिनसलंय हे सांगावं लागत नाही. धावत आत गेले. पांढऱ्या धुळीत इलेक्ट्रिशियन उभा, आणि जुन्या दगडी भिंतीच्या गिलाव्यात कमरेपासून वर तीन फुटांची झिरी.

"मॅडम, स्विचबोर्ड इथेच दाखवलाय," त्याने माझंच ड्रॉइंग पुढे केलं. दाखवलाच होता. सवयीने, नव्या इमारतीतल्या रेस्टॉरंटला दाखवते तसा. मूळ भिंतीला धक्का लावणार नाही, असं परवानगीच्या अर्जात लिहून देणारीही मीच. त्याच्यावर ओरडायला तोंड नव्हतं.

मालक म्हणाले, सिमेंटने बुजवू, वरून रंग मारू, कोणाला कळतंय! कळलं नसतंही. पण अशी भिंत ओल धरते आणि चुन्यातून बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल दगडातून निघते, सोबत क्षार आणते आणि दगडाचेच पोपडे सुटायला लागतात. वारसा अधिकाऱ्यांना मी स्वतःच फोन लावला.

त्या आल्या. चष्मा कपाळावर सरकवून झिरीला जवळजवळ नाक लावलं. "टॉर्च द्या." कापलेल्या कडेला पापुद्रे दिसत होते. वर प्लॅस्टिक पेंट, त्याखाली सफेदीचे कितीतरी हात, आणि तळाशी, चुन्याला लागून, नखाएवढी निळाई. या खोलीला मी 'उबदार पांढरा' ठरवून बसले होते!

बोलणी खाल्लीच; काम आठवडाभर थांबलं. झिरी चुन्यानेच भरली, पण किंचित वेगळ्या छटेत. नवी भर एकूणात मिसळावी, तरी मुळाहून वेगळी ओळखू यावी, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेतलं, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजातलं, तत्त्व. तळहाताएवढा निळा चौकोन उघडा ठेवला. वायरिंग गेलं बाकांच्या पाठीत, आणि बाक भिंतीपासून १० सेंटिमीटर सुटे, स्वतःच्या पायांवर. भिंतीत एकही स्क्रू नाही. रेस्टॉरंट उठलं तर सगळं उचलून नेता येईल.

मालकांना तो चौकोन सुरुवातीला डाग वाटायचा. आता पाहुण्यांना तेच आधी तिथे नेतात. स्विच मात्र बाकाच्या पाठीला आहे हे वेटरांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. पहिले काही दिवस सकाळी दार उघडलं की ते अंधारात भिंतच चाचपायचे.